राजदूत ३५०चे दोन कार्बोरेटर जुळवण्यासाठी व्हॅक्यूम गेज घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८६ची राजदूत ३५० एलटी आहे. फिटरने दोनदा कार्बोरेटर ट्यून केले, तरी स्लोला (मूठ न पिळता इंजिन नुसतं चालू असताना) उजवा सायलेन्सर जवळजवळ गार राहतो. दोन-अडीच हजार आरपीएमला गाडी हिसके देते, आणि रेस देऊन सोडली की इंजिन पटकन खाली येत नाही. मग व्हॅक्यूम गेजचा (सिलिंडर हवा किती जोराने ओढतो ते दाखवणाऱ्या मीटरचा) संच मागवावा का? आणि इथेनॉलच्या पेट्रोलचं काय?

मागवू नका. या गाडीला त्याचा उपयोग नाही. होंडा सीबी ७५०सारख्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीवर व्हॅक्यूम गेज लागतोच. तिथे चारही सिलिंडरची ओढ काट्यावर किंवा पाऱ्याच्या नळीत एकमेकांशेजारी दिसते आणि ती जुळवता येते. तुमची गाडी टू-स्ट्रोक आहे. तिच्या इंजिनात हवा क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) रीड व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पात्यांमधून, झटक्याझटक्याने शिरते, त्यामुळे काटा नुसता थरथरतो. शिवाय गेज जोडायला मूळ गाडीला जागाही दिलेली नाही. आरडीचे (राजदूत ३५० म्हणजे मुळात यामाहाची आरडी ३५०) कार्बोरेटर स्लाइडच्या, म्हणजे मूठ पिळली की वर उचलून हवेची वाट उघडणाऱ्या तुकड्याच्या, उंचीवर जुळवतात, आणि त्यासाठी सायकलचे दोन स्पोक पुरतात. ती पद्धत पुढे सांगतो, पण त्याआधी दुसरं सांगणं जास्त गरजेचं आहे. जुळवणी हे शेवटचं काम आहे. तुम्ही लिहिलेल्या तीन लक्षणांपैकी दोन तरी मला जुळवणीची वाटत नाहीत.

रेस सोडल्यावर इंजिन रेंगाळत खाली येणं म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा शिरते आहे. हे हलक्यात घेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, की उष्णता वाढते आणि पिस्टनला मिळणारं थंड पेट्रोल आणि ऑइल, दोन्ही कमी पडतं. माझ्या आरडीत नेमकं हेच झालं होतं. डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील हवा ओढत होतं. एका गॅरेजमध्ये डावीकडचा एअर स्क्रू (स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा) आत घेऊन आणि मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकून ते लपवलं गेलं. गाडी स्लोला छान चालायची आणि मी समाधानी होतो. मग एका एप्रिलात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना डावा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबायला सुचलं म्हणून पडलो नाही. बोअर, नवा पिस्टन आणि क्रँकचं काम मिळून चार महिने गाडी उघडी पडून होती. तेव्हापासून हवेची गळती तपासल्याशिवाय मी कोणत्याही स्क्रूला हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मला मनापासून वाटतं.

गळती शोधायला गाडी स्लोला ठेवा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबराभोवती, रीड ब्लॉकच्या गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर अगदी थोडा फवारा. इंजिनचा आवाज बदलला की जागा सापडली. गरम सायलेन्सरवर आणि प्लगच्या वायरवर फवारा जाऊ देऊ नका, आगीचा धोका आहे. दोन कार्बोरेटरना जोडणारी एक छोटी रबरी नळी असते, ती बहुतेक जण बघतच नाहीत. आरडीला चोकचा खटका डाव्या कार्बोरेटरवर असतो आणि उजव्याला चोकचं मिश्रण त्या नळीतून जातं. चाळीस वर्षांत ते रबर कडक होऊन तडकतं. मग उजवा कार्बोरेटर चोक बंद असतानाही तिथून कोरी हवा ओढत राहतो. तुमचा उजवाच सायलेन्सर गार राहतो, म्हणून माझा पहिला संशय त्या नळीवर आहे. किंमत किरकोळ असते, शंका असली तर सरळ बदला.

सील तपासायला मात्र फवारा चालत नाही. दोन्ही इनलेट आणि दोन्ही एक्झॉस्ट रबरी बूच लावून बंद करायचे, हातपंपाने सुमारे ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) हवा भरायची आणि एक मिनिट गेज बघायचा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधायचं. या क्रँकच्या मध्ये, दोन सिलिंडरच्या दरम्यान, लॅबिरिंथ सील (रबराऐवजी नुसत्या खाचांचं सील) असतं, ते पूर्ण हवाबंद नसतं. म्हणून दोन्ही बाजू एकदमच बंद कराव्या लागतात. उजवं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं असेल तर गाडी गिअरचं ऑइल ओढते आणि पांढरा धूर सोडते. डावं गेलं तर धूर दिसत नाही, म्हणून तेच जास्त घातक.

आता करंट. या गाडीला दोन पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप करणारे संपर्क) आणि दोन कॉइल, प्रत्येक सिलिंडरचं सगळं स्वतंत्र. पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी ठेवा आणि प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टनची उंची मोजणारा) लावून दोन्हीकडचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, वेगवेगळं बसवा. एका बाजूचं टायमिंग पुढे-मागे असेल तर कार्बोरेटर कितीही जुळवा, दोन्ही बाजू सारखं काम करणार नाहीत. प्लग डावा-उजवा अदलून बघा. गारपणा प्लगबरोबर डावीकडे गेला तर दोष प्लगचा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कार्बोरेटर उतरवा, आणि दोन्ही एकदम उतरवा. ह्या गाड्या किती हातांतून गेल्या आहेत याला गणती नाही. एका बाजूला एका नंबरचा जेट आणि दुसऱ्या बाजूला दुसराच, निडलची (स्लाइडला लटकणाऱ्या सुईची) क्लिप एकीकडे तिसऱ्या खाचेत आणि दुसरीकडे चौथ्या, असं मी स्वतः पाहिलं आहे. पायलट जेट (स्लोला पेट्रोल सोडणारा), मेन जेट, निडल आणि स्लाइडवरचे नंबर वाचून कागदावर लिहा आणि दोन्ही बाजू ताडून बघा. पायलट जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) उंची दोन्हीकडे एकच हवी. गाडी वर्षभर उभी होती असं तुम्ही लिहिलं आहे. तेव्हा टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने पाणी धरलेलं असणार आणि पायलट जेटमध्ये हिरवट-पांढरी पूड साठलेली असणार.

स्पोकची पद्धत अशी. कार्बोरेटर जागेवर बसवा, एअर क्लीनरकडचे रबर काढलेले ठेवा. दोन्हींचे स्टॉप स्क्रू (स्लाइडला खालून टेकू देणारे) पूर्ण सैल करा, म्हणजे स्लाइड तळाला बसतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरना वरच्या अ‍ॅडजस्टरपाशी साधारण एक मिलीमीटर ढील द्या. साध्या सायकलचा स्पोक दोन मिलीमीटर जाड असतो. एकेक स्पोक प्रत्येक कार्बोरेटरमध्ये स्लाइडखाली घाला, दोन्हीकडे निडलच्या एकाच बाजूने. स्पोक इंजिनकडच्या कडेपर्यंत सरकवायला विसरू नका. एअर क्लीनरच्या बाजूला स्लाइड तिरकी कापलेली असते, तिथे मोजलं तर फसगत होते. आता स्टॉप स्क्रू असे लावा की दोन्ही स्पोक ओढताना बोटाला सारखाच अडथळा लागेल. ही स्लोची उंची झाली.

मग स्टॉप स्क्रू पुन्हा फेऱ्या मोजून सैल करा, म्हणजे स्पोक स्लाइडच्या वजनाखाली दाबले जातील आणि त्यांची टोकं बाहेर ताठ राहतील. हँडलची मूठ अगदी सावकाश फिरवा. स्लाइड उचलली की स्पोकचं टोक खाली झुकतं. दोन्ही टोकं एकाच क्षणी हलली पाहिजेत. जे आधी हलेल त्याच्या वायरला ढील द्या, किंवा मागे राहणाऱ्याची ढील कमी करा. नट घट्ट करून पुन्हा बघा, कारण नट आवळताना अ‍ॅडजस्टर थोडा फिरतोच. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच करा. वळवल्यावर फरक पडला तर वायर टाकीखाली कुठेतरी ताणली जाते आहे. हे सगळं झाल्यावर स्टॉप स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर परत आणा आणि स्पोक काढलेत ना ते दोनदा पाहा.

इतका कीस काढायचं कारण साधं आहे. स्लाइड दोन मिलीमीटर उघडी असताना अर्ध्या मिलीमीटरचा फरक म्हणजे एका सिलिंडरला चतुर्थांश हवा कमी-जास्त. तीच स्लाइड वीस मिलीमीटर उघडली की तोच फरक अडीच टक्क्यांवर येतो. म्हणून जुळवणी बिघडलेली गाडी हायवेला सुसाट जाते आणि गावातून जाताना हिसके देते. तुमचे दोन-अडीच हजारावरचे हिसके मात्र याच खात्यातले वाटतात.

आता इंजिन चालू करून दहा मिनिटं गाडी फिरवून आणा. एअर स्क्रू दोन्हीकडे पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, ही सुरुवात. या कार्बोरेटरमध्ये तो स्क्रू हवेचा आहे. बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, आत घेतला की गडद, म्हणजे पेट्रोल जास्त. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांमध्ये हे उलट असतं आणि तिथेच गोंधळ होतो. एका बाजूचा प्लग काढून टोपीसकट सिलिंडर हेडला टेकवून ठेवा, टोपी मोकळी लोंबकळत ठेवलीत तर कॉइल जाऊ शकते. त्या उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि प्लगची ठिणगी त्याला पेटवू शकते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा, किंवा भोकात जुना प्लग बसवून टोपीला दुसरा प्लग लावा. चालू बाजूचा स्टॉप स्क्रू वाढवून इंजिन एका सिलिंडरवर तग धरेल असं करा, एअर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून सर्वांत मोकळा, चढा आवाज कुठे येतो ते शोधा. आरपीएम लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूला तेच करा आणि तितकेच आरपीएम आणा. एकेका बाजूवर मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. शेवटी दोन्ही प्लग लावून दोन्ही स्टॉप स्क्रू सारख्याच फेऱ्या उतरवत बाराशेच्या आसपास स्लो बसवा. दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळहात धरा. धक्के सारखे लागायला हवेत.

ऑइल पंप अजून जागेवर असेल तर त्याची वायर सगळ्यात शेवटी, पुलीवरच्या खुणेप्रमाणे लावा. मुठीची तीच वायर पुढे तीन वाटांनी फुटते, त्यामुळे कार्बोरेटरच्या वायर हलवल्या की पंपाचं माप बदलतं. पंप काढून कोणी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवय लावली असेल तर ऑइलचं प्रमाण वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं, हे ध्यानात असू द्या.

इथेनॉलबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण साडेचौदा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर १९८६च्या जेटने इंजिन पातळच चालणार. मी निडल एक खाच वर घेतली आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकला, दोन्ही बाजूंना. तुमच्या गाडीला किती लागेल ते प्लग बघून ठरवा. नवे प्लग लावा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या, एकदम क्लच दाबून किल्ली बंद करा आणि प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही तपकिरी, एकाच छटेचे हवेत. एक पांढरट आला तर त्या दिवशी गाडी पुढे चालवू नका, आधी ती चोकची नळी आणि डावं सील पुन्हा तपासा.