छातीवर नुसता हात टाकला की झालं?

प्रश्न: नाना, रात्री जेवणं आटोपली की मी आणि माझा मुलगा टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती लावतो. हल्ली एक गोष्ट फार खटकते. मल्ल समोरच्याला आपटतो आणि त्याच्या अंगावर अर्धवट रेलून छातीवर एक हात टाकतो. जिंकायला पंचाने तीन मोजावे लागतात, पण तो दोन मोजतो तोच खालचा आरामात उठतो. आमच्या गल्लीतले म्हणतात, 'सगळं ठरलेलंच असतं, मग कशाला जीव जाळायचा?' मला ते पटत नाही. तुम्ही तालमीतले, तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर: भाऊ, तुमचं खटकणं अगदी रास्त आहे. निकाल ठरलेला असतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण म्हणूनच पाठ लावण्याचा प्रयत्न जीव तोडून केलेला दिसला पाहिजे.

आपल्या कुस्तीशी ताडून बघा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून खान्देशात गुणांची चर्चा पारावरही होऊ लागली. मॅटवर समोरच्याची पाठ धोक्यात आणली की दोन गुण मिळतात. चीतपट नाही झाली, तरी घाम वाया जात नाही. तिकडे रिंगणात गुणच नाहीत. पंचाचा हात दोनदा आपटला आणि खालचा उठला, तर कुणाच्या नावावर काहीच जमा होत नाही. त्या दोनची किंमत एवढीच, की बघणाऱ्याच्या काळजात क्षणभर 'संपलं!' असं झालं पाहिजे. ते झालं नाही तर मोजलं कशाला?

आता अंगाचं गणित सांगतो. खालचा मल्ल सुटतो तो पायांच्या जोरावर. टाचा रोवतो, कंबर उचलून पूल करतो आणि मग खांदा फिरवतो. म्हणून वरच्याने छातीवर छाती आडवी टाकायची, स्वतःच्या पायांचे पंजे रोवून भार पुढे ढकलायचा आणि समोरच्याचा लांबचा पाय गुडघ्यामागून कवेत ओढायचा. पाय वर गेला की पुलातला जोर गेला. कर्ट अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून मग डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. अशा माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण जो पोटावर रेलून प्रेक्षकांकडे बघत बसतो, त्याला जिंकायचंच नाही असं मला वाटतं, आणि मग माझाही त्या कुस्तीतला जीव निघून जातो.

सगळेच ढिले प्रयत्न मात्र वाईट नसतात. दोघंही थकून पडलेत, एकजण सरपटत येतो आणि कसाबसा हात टाकतो, तेव्हा तो हातच त्याची हालत सांगतो. तिथला नावाजलेला मल्ल अंडरटेकर टूमस्टोननंतर, म्हणजे समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटण्याच्या डावानंतर, त्याचे हात छातीवर दुमडून ठेवायचा, पाय सहसा धरायचा नाही. तरी ते पटायचं, कारण त्या डावातून फार थोडे उठले होते. सुरुवातीलाच पाठ लावायला जाण्यातही शहाणपण आहे. प्रत्येक सुटकेला दम लागतो. पण मग कोपराखालचा हात जबड्यावर दाबून लावा ना, समोरच्याला धाप लागू द्या!

६ एप्रिल २०१४चा रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, मिळाला तर मुलाला दाखवा. रेसलमेनियात सलग २१ लढती जिंकलेल्या अंडरटेकरला ब्रॉक लेस्नरने एफ-५ (खांद्यावर उचलून गरकन फिरवून आपटण्याचा त्याचा डाव) मारला, अंडरटेकर उठला. दुसरा मारला, तरी उठला. तिसऱ्या वेळी पंचाचा हात तीनदा आपटला आणि लोक डोक्याला हात लावून बसले. आधीचे दोन प्रयत्न पोकळ असते, तर तिसऱ्याला एवढा धक्का बसलाच नसता.

गल्लीतल्या मंडळींना समजवायचं असेल तर एक करा. आपटाआपटी अजिबात नको. जाड गादीवर मुलाला उताणा झोपवा. आधी त्याच्या छातीवर नुसता हात ठेवा आणि खांदा उचलायला सांगा. मग छाती आडवी टाकून, लांबचा पाय कवेत घेऊन तेच करायला सांगा. सगळा भार त्याच्यावर सोडू नका, पोर लहान आहे. नंतर जागा बदला, तुम्ही खाली आणि तो वर. पुढच्या वेळी टीव्हीवर कोण खरोखर जिंकायला गेला होता, हे तोच तुम्हाला सांगेल.