राजदूत ३५०: आधी केबल, मग स्क्रू

भाऊ, गाडी घेतलीस, छान केलंस. पण तो स्क्रू-ड्रायव्हर आधी खाली ठेव. या गाडीला दोन सिलिंडर, आणि प्रत्येकाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा वेगळा कार्ब्युरेटर; दोन्ही सारखे उघडले पाहिजेत. आपल्या जळगाव-भुसावळकडे बरेच मिस्त्री नुसता आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने चालेल ते ठरवणारा) स्क्रू पिळतात आणि 'झालं' म्हणतात.

प्लग, टायमिंग, एअर फिल्टर बघून घे. इनटेकच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या) रबराला चीर असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. पायलट जेटमध्ये (कार्ब्युरेटरातलं पेट्रोलचं बारीक भोक) तार घालू नकोस, भोक मोठं होतं.

आता खरं काम, तेही बंद इंजिनावर. फिल्टरकडचे पाइप काढ, दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात एकेक बोट ठेव आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटरची मूठ अगदी हळू फिरवायला सांग. दोन्ही स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या आतल्या झडपा) एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर त्या बाजूचा केबल ॲडजस्टर थोडाथोडा फिरव. मूठ सोडल्यावर दोन्ही एकाच उंचीवर टेकतात ना, हे मी स्लाइडखाली एकाच मापाचा ड्रिल बिट सरकवून बघतो. एअर स्क्रू (कमी वेगाला हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने बंद करून दीडेक फेरा उघड. बारीक फरक इंजिन तापल्यावर कर.

मग इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाची खूण जुळव, त्याची केबलही त्याच मुठीवर आहे. मी एकदा विसरलो. एप्रिलची दुपार, पारोळ्याच्या अलीकडे पिस्टन जाम, आणि एरंडोलपर्यंत गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत! ॲव्हरेजसाठी पेट्रोल कमी करायचा मोहही नको. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर गाडी पुढे दामटू नकोस.