क्लस्टरमधील सर्व होस्टांचे नेटवर्क बदलताना संपर्क तुटू नये म्हणून काय करावे?

आपल्या प्रश्नाचा गाभा मी असा समजतो. एका व्हीसेंटरखाली (होस्ट सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या मध्यवर्ती प्रणालीखाली) दोन क्लस्टर, म्हणजे होस्टांचे गट, आहेत, सर्व ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) एकाच डिस्ट्रिब्युटेड स्विचला (सर्व होस्टांवर पसरलेल्या आभासी स्विचला) जोडलेले आहेत आणि प्रत्येक होस्टला दोन अपलिंक (फिजिकल स्विचकडे जाणाऱ्या जोडण्या) आहेत. मॅनेजमेंट नेटवर्क आज नेटिव्ह व्हीलॅनवर (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) टॅगशिवाय, म्हणजे पाकिटावर व्हीलॅनचा क्रमांक न लावता, चालते. व्हीलॅन आणि आयपी पत्ते तेच ठेवून ते टॅगसह चालवायचे आहे. त्याशिवाय व्हीमोशन (चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय) आणि व्हीसॅन (होस्टांच्या डिस्कांतून बनलेली सामायिक साठवण) यांचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० वरून ९००० बाइट करायचा आहे. व्हीसेंटर स्वतः याच होस्टांपैकी एकावर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालते, आणि एकही मशीन बंद न पडता हे सर्व एका रात्रीत व्हावे, अशी आपली अपेक्षा आहे.

मशीन बंद न पडता हे करता येते. एका रात्रीत मात्र करू नये, आणि हे दोन बदल एकत्र तर मुळीच करू नयेत. अशा कामात बहुतेक आराखडे शेवटची स्थिती कशी दिसेल याचेच असतात, पण धोका असतो तो अर्धे होस्ट बदललेले आणि अर्धे जुनेच अशा मधल्या स्थितीत. ती मधली स्थिती चार दिवस विनातक्रार टिकू शकेल असा मार्ग सापडला, तर घाई उरत नाही, आणि कोणत्याही टप्प्यावर थांबता येते. म्हणून मी आधी ती स्थिती आखतो आणि मगच आज्ञा लिहायला बसतो.

मॅनेजमेंटच्या बदलातली खरी अडचण अशी आहे की एकाच फिजिकल पोर्टवर एकच व्हीलॅन टॅगसह आणि टॅगशिवाय असा दोन्ही प्रकारे पाठवता येत नाही. त्यामुळे फिजिकल स्विच आधी बदलला तर होस्ट तुटतो, आणि होस्ट आधी बदलला तरीही तो तुटतो. यातून वाट काढतात त्या आपल्या दोन अपलिंक. टॅग लावलेला एक नवा पोर्ट ग्रुप (आभासी स्विचवरील सारख्या रचनेच्या पोर्टांचा गट) तयार करावा आणि त्यात फक्त दुसरी अपलिंक सक्रिय ठेवावी. जुन्या पोर्ट ग्रुपमध्ये फक्त पहिली. जुन्या ग्रुपमधला हा बदल एका क्लिकसरशी सर्व होस्टांवर लागू होतो, म्हणून त्याआधी प्रत्येक होस्टची पहिली अपलिंक खरोखर जिवंत आहे आणि योग्य पोर्टला लागलेली आहे हे एलएलडीपीच्या (जोडलेली उपकरणे एकमेकांना आपली ओळख सांगतात त्या प्रोटोकॉलच्या) माहितीवरून ताडून पाहावे. केबल कोणत्या पोर्टला लावली आहे याबाबत जुन्या तक्त्यांवर विसंबून राहू नये. ते तक्ते चुकीचे निघाल्याचे मी वारंवार पाहिले आहे.

यानंतर एकेक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (त्यावरची मशीन दुसरीकडे हलवून) घ्यावा, त्याच्या दुसऱ्या अपलिंकचा फिजिकल पोर्ट टॅगसाठी बदलावा आणि मग मॅनेजमेंटचा व्हीएमकर्नल अडॅप्टर (होस्टचे स्वतःचे आभासी नेटवर्क कार्ड) नव्या पोर्ट ग्रुपमध्ये हलवावा. फिजिकल बाजूला व्हीलॅन तोच असल्यामुळे, पहिल्या अपलिंकवरून टॅगशिवाय बोलणारे होस्ट आणि दुसरीवरून टॅगसह बोलणारे होस्ट एकमेकांना व व्हीसेंटरला विनाअडथळा दिसत राहतात. हीच ती टिकाऊ मधली स्थिती. तिची किंमत एवढीच की त्या काळात मॅनेजमेंटला एकाच केबलचा आधार असतो. सर्व होस्ट हलले, व्हीसेंटर आणि त्या नेटवर्कवरची इतर मशीन नव्या ग्रुपमध्ये आली, की दुसऱ्या फेरीत पहिल्या अपलिंकचे पोर्ट बदलावेत आणि अगदी शेवटी नव्या ग्रुपमध्ये दोन्ही अपलिंक सक्रिय कराव्यात. आपल्या अपलिंक एलएसीपीच्या (अनेक केबल एकच जोडणी म्हणून वापरणाऱ्या) गटात बांधलेल्या असतील, किंवा आयपी हॅश (आयपी पत्त्यांवरून अपलिंक निवडण्याची) पद्धत वापरात असेल, तर ही युक्ती चालणार नाही, कारण तिथे दोन्ही पोर्टांची रचना सारखीच असावी लागते. आधी तो गट सोडवावा लागेल.

व्हीएमवेअरने व्हीस्फिअर ५.१ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिस्ट्रिब्युटेड स्विचसाठी आपोआप रोलबॅक दिलेला आहे, आणि तो मुळातच चालू असतो. बदलामुळे होस्टचा व्हीसेंटरशी संपर्क तुटला, तर होस्ट आधीच्या रचनेवर परततो. काही जण नेमका हाच बंद करतात. बहुधा घडते असे की फिजिकल पोर्ट तयार नसताना अडॅप्टर हलवला जातो, होस्ट शहाणपणाने मागे फिरतो, आणि बदल ‘टिकत नाही’ म्हणून रोलबॅकवरच दोष जातो. माझे मत स्पष्ट आहे: रोलबॅक बंद केल्याशिवाय बदल टिकत नसेल, तर तो बदल करण्याची वेळ अजून आलेली नाही. मात्र त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. तो फक्त होस्ट आणि व्हीसेंटर यांच्यातला संपर्क पाहतो. व्हर्च्युअल मशीनचा एखादा व्हीलॅन ट्रंकमधून (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीतून) गळला, किंवा व्हीसॅनची वाट बंद झाली, तर त्याला काहीच कळत नाही.

फिजिकल स्विचच्या बाजूलाही अशीच सोय मागून घ्यावी. ज्युनोसवर (ज्युनिपरच्या स्विचांच्या प्रणालीवर) ‘कमिट कन्फर्म्ड’ दिले आणि ठरलेल्या वेळात, एरवी १० मिनिटांत, पुन्हा पुष्टी केली नाही, तर जुनी रचना आपोआप परत येते. सिस्कोच्या आयओएसवर अनेक जण बदल साठवून न ठेवता आधी ‘रीलोड इन’ लावतात, पण त्यात अख्खा स्विच पुन्हा सुरू होतो, त्यामुळे ज्या स्विचवर इतरांची वाहतूक आहे तिथे मी तो मार्ग सुचवणार नाही.

आता व्हीसेंटरकडे वळतो, कारण ते ज्या स्विचची व्यवस्था पाहते त्याच स्विचवर स्वतःही बसलेले आहे. डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या नेहमीच्या पोर्ट ग्रुपमध्ये बाइंडिंग (मशीनला पोर्ट बांधून देण्याची पद्धत) स्टॅटिक असते आणि पोर्ट व्हीसेंटर वाटून देते. व्हीसेंटरच तुटले, तर त्याचे स्वतःचे नेटवर्क कार्ड दुसऱ्या ग्रुपला जोडून देणारे कोणी उरत नाही. यावर उपाय म्हणजे त्याच व्हीलॅनचा आणि त्याच दुसऱ्या अपलिंकवरचा, पण एफिमेरल बाइंडिंगचा (ज्यात पोर्ट व्हीसेंटरशिवायही मिळतो) एक पोर्ट ग्रुप आधीच करून ठेवणे. असा ग्रुप होस्टच्या स्वतःच्या वेबपानावरूनही मशीनला देता येतो. तो संकटाच्या वेळी तयार करता येत नाही, कारण तयार करण्यासाठी व्हीसेंटरच लागते. व्हीसेंटर कोणत्या होस्टवर आहे ते लिहून ठेवावे, काम चालू असेपर्यंत डीआरएस (मशीन आपोआप होस्टांमध्ये हलवणारी सोय) मॅन्युअल करावे, आणि व्हीसेंटरचे कार्ड बदलण्याआधी ते दुसरा पोर्ट तयार झालेल्या होस्टवर हलवून घ्यावे.

त्याचबरोबर आत शिरण्याची दुसरी वाट तपासावी, आणि तपासणे म्हणजे ‘आयलो’ किंवा ‘आयड्रॅक’ (सर्व्हरचे दुरून नियंत्रण करणारी साधने) यांचे पान उघडते का एवढेच नव्हे. प्रत्येक होस्टच्या रिमोट कन्सोलवर प्रत्यक्ष जाऊन स्थानिक रूट पासवर्डने प्रवेश मिळतो का, हे पाहावे. होस्टवर स्ट्रिक्ट लॉकडाउन मोड (होस्टवरचा थेट प्रवेश रोखणारी कडक व्यवस्था) असेल, तर डीसीयूआय, म्हणजे होस्टच्या कन्सोलवरचा पिवळा-करडा पडदा, बंदच असतो. तशा वेळी व्हीसेंटर हरवले, तर अपवादात ठेवलेले वापरकर्ते आणि चालू असलेले एसएसएच यांच्याशिवाय होस्ट आपल्याला आत घेत नाही. कामापुरता नॉर्मल लॉकडाउन पुरेसा आहे. त्याच पडद्यावर नेटवर्क पूर्ववत करण्याचे पर्याय आहेत, आणि ते कुठे आहेत हे आधी पाहून ठेवलेले बरे. डीएनएसचे सर्व्हर याच क्लस्टरमध्ये मशीन म्हणून चालत असतील, तर होस्टांचे पत्ते क्लस्टरबाहेर कुठेतरी लिहून ठेवावेत.

एचएबद्दल (होस्ट पडल्यास त्यावरची मशीन दुसरीकडे सुरू करणाऱ्या सोयीबद्दल) आपण विचारलेले नाही, पण मशीन बंद पाडणारी खरी गोष्ट अनेकदा तीच असते. नेटवर्क थोडा वेळ तुटल्याने मशीन बंद पडत नाहीत. होस्ट एकटा पडला असे समजून एचएने त्या बंद करून दुसरीकडे सुरू केल्या की पडतात. म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी होस्ट मॉनिटरिंग बंद करावे आणि तो होस्ट स्थिर झाला की पुन्हा चालू करावे. चार दिवस बंद ठेवू नये. आपल्याकडे व्हीसॅन असल्यामुळे एचएचे ठोके (होस्ट जिवंत असल्याचे संदेश) मॅनेजमेंटवरून नव्हे तर व्हीसॅनच्या नेटवर्कवरून जातात, मात्र एकटेपणा तपासण्याचा पत्ता मुळात मॅनेजमेंटचा गेटवेच असतो. तो व्हीसॅनच्या नेटवर्कमधला ठेवलेला आहे का, हे प्रगत पर्यायांत पाहावे. व्हीसॅनचे नेटवर्क बदलल्यावर एचएला ते आपणहून कळत नाही; प्रत्येक होस्टवर एचएची पुनर्रचना करावी लागते.

एमटीयूचे काम मी मॅनेजमेंट पूर्ण स्थिरावल्यावरच हाती घेईन. वाढवताना क्रम बाहेरून आत असतो: आधी वाटेतले सर्व फिजिकल स्विच, मग डिस्ट्रिब्युटेड स्विच, आणि शेवटी एकेका होस्टवरचे व्हीएमकर्नल अडॅप्टर. कमी करताना हाच क्रम उलटा. कारण साधे आहे: वाट पाकिटापेक्षा मोठी असली तर काही बिघडत नाही, पण टोके मोठी आणि मधली एक कडी लहान असली, तर अतिशय फसवा बिघाड होतो. पिंग जातो, होस्ट हिरवा दिसतो, रोलबॅकला काही खटकत नाही, आणि व्हीमोशन मात्र मध्येच अडकून बसते, कारण लहान पाकिटे पार होतात आणि मोठी मुकाट्याने फेकली जातात. स्विच तयार असताना काही अडॅप्टर ९००० वर आणि काही १५०० वर असतील, तर टीसीपी जोडणी करतानाच दोन्ही बाजू लहान आकारावर सहमत होतात. म्हणून इथली मधली स्थितीही काही काळ चालते. व्हीसॅनची आरोग्य तपासणी त्या काळात तक्रार करील, ती अपेक्षित आहे, पण ही स्थिती लांबवू नये.

डिस्ट्रिब्युटेड स्विचचा एमटीयू बदलणे हा या संपूर्ण कामातला सर्वांत धीट क्लिक आहे. तो सर्व होस्टांना एकदम लागतो, आणि त्या वेळी अपलिंक क्षणभर खाली जाऊन वर येतात. काही मिलिसेकंदांचा हा खंड मशीनना जाणवत नाही, पण फिजिकल पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा (नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलचा) एज पर्याय लावलेला नसेल, तर पोर्ट ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या टप्प्यांतून जाताना ३० सेकंद वाहतूक अडवून ठेवतो, आणि सर्व होस्टांवर एकदम ३० सेकंद म्हणजे व्हीसॅनला मोठा धक्का. हे पोर्ट आधी तपासावेत. तपासणीसाठी प्रत्येक होस्टवरून इतर प्रत्येक होस्टकडे, योग्य अडॅप्टर निवडून आणि पाकीट तोडू नये हा पर्याय लावून, ८९७२ बाइटचा व्हीएमकेपिंग (व्हीएमकर्नल अडॅप्टरवरून केलेला पिंग) करावा. ९००० मधून आयपीच्या शीर्षाचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की हा आकडा येतो. तोडू नये हा पर्याय विसरला, तर पिंग तुकड्यांत जाऊन यशस्वी होतो आणि काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक अपलिंक आळीपाळीने बंद करून हीच तपासणी पुन्हा करावी. एका वाटेवरचा एमटीयू बरोबर आणि दुसऱ्या वाटेवरचा चुकीचा, हे सर्रास घडते.

डिस्ट्रिब्युटेड स्विचची स्वतःची आरोग्य तपासणी व्हीलॅन आणि एमटीयूची विसंगती चांगली दाखवते. ती कामाच्या काळात चालू करावी आणि नंतर बंद करावी, कारण चाचणीची पाकिटे पाठवताना ती बरेच जादा मॅक पत्ते निर्माण करते.

पहिला होस्ट कोणता घ्यावा? ज्यावर व्हीसेंटर नाही आणि ज्याचा कन्सोल आपण नुकताच उघडून पाहिला आहे तो. होस्ट दर १० सेकंदांनी व्हीसेंटरला ठोका पाठवतो आणि ६० सेकंद ठोका आला नाही तर व्हीसेंटर तो प्रतिसाद देत नसल्याचे दाखवते, तेव्हा बदलानंतर निदान काही मिनिटे हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू नये. मेंटेनन्स मोडमधून होस्ट बाहेर काढल्यावर एक बिनमहत्त्वाची मशीन त्यावर आणावी आणि परत न्यावी, कारण व्हीमोशन एका दिशेने चालते आणि दुसऱ्या दिशेने नाही असेही होते. मग एक दिवस थांबून दुसरा होस्ट घ्यावा. व्हीसॅनमध्ये मेंटेनन्ससाठी ‘एन्शुअर अॅक्सेसिबिलिटी’ (डेटा फक्त उपलब्ध राहील एवढेच पाहणारा पर्याय) निवडले, तर नेहमीच्या रचनेत ६० मिनिटांनंतर हरवलेल्या प्रतींची नव्याने उभारणी सुरू होते, हे वेळेचे गणित मांडताना धरावे. आणि एका वेळी एकच होस्ट.

डिस्ट्रिब्युटेड स्विचची रचना कामाआधी एक्स्पोर्ट करून ती व्हीसेंटरच्या बाहेर ठेवावी, आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा. आपल्याकडे होस्ट प्रोफाइल (होस्टच्या रचनेचे साचे) वापरात असतील, तर ते त्याच दिवशी नव्या रचनेवरून अद्ययावत करावेत. नाहीतर पुढच्या वेळी कोणी जुळणी करायला घेतली की तेच साधन होस्टला जुन्या पोर्ट ग्रुपकडे ओढून नेईल. जुना पोर्ट ग्रुप मात्र त्यात एकही पोर्ट वापरात नाही हे पाहूनच, आठवडाभरानंतर काढावा. दोन्ही अपलिंक सक्रिय केल्यावर तोच बदल एफिमेरल ग्रुपमध्येही करावा आणि तो ग्रुप कायम ठेवावा.