इंजेक्शनने वेळ गेला की वाचला?

प्रश्न : आम्ही करमाळा तालुक्यातले. महिन्यापूर्वी पहाटे चारच्या सुमारास यांच्या छातीत दाटून आलं, दरदरून घाम सुटला. रात्रीचं जेवण जड झालं असेल म्हणून मी लिंबू-सोडा दिला. कमी होईना तेव्हा सातला करमाळ्यात दवाखान्यात नेलं. तिथे कार्डिओग्राम काढून लगेच गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि अॅम्ब्युलन्सने सोलापूरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. पंपिंग (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) ४० टक्के सांगितलंय. आता माझे दीर म्हणतात, इंजेक्शनच्या नादात वेळ घालवला, तडक सोलापूर गाठलं असतं तर पंपिंग शाबूत राहिलं असतं. माझं चुकलं का? करमाळ्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. — एक भगिनी, ता. करमाळा

उत्तर : ताई, ती झेरॉक्स मी दोनदा वाचली. कोपऱ्यात पेनाने लिहिलंय, ‘ईसीजी ७.१५, इंजेक्शन ७.३५’. बाहेरगावचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की चिठ्ठीवर मी आधी ही वेळ शोधते, आणि पुष्कळदा ती लिहिलेलीच नसते. ईसीजीची (कार्डिओग्रामची) पट्टी काढल्यापासून वीस मिनिटांत सुई टोचली गेली. तालुक्याच्या गावी सकाळी सातला हे करून दाखवणाऱ्या डॉक्टरांचे आपण सगळ्यांनी आभार मानायला हवेत. दिरांना हे वाचून दाखवा.

अॅटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. तिथून पुढे मिनिटागणिक स्नायू मरत जातो. नळी उघडायचे मार्ग दोन: औषधाने गाठ विरघळवायची, किंवा तार घालून फुग्याने नळी उघडून स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायची; हीच अँजिओप्लास्टी. फुगा सरस, यात वाद नाही. पण ईसीजीत अॅटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत फुगा आत जाणार असेल तरच. करमाळ्याहून सोलापूरच्या रस्त्यातच दोन तास जातात. पुढे भरती, सह्या, कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची) तयारी. तोवर नळी बंदच राहिली असती. अशा अंतरावर अर्ध्या तासाच्या आत इंजेक्शन द्यायचं, पेशंटला लगेच मोठ्या हॉस्पिटलकडे हलवायचं आणि चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी (औषध सोडून रक्तवाहिन्यांचा एक्स-रे) करायची, हीच मान्य पद्धत आहे. इंजेक्शनने नळी उघडली नाही असं दिसलं, तर मात्र थांबायचं नसतं, तातडीने फुगा. तुमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले, त्याचा अर्थ इंजेक्शन लागू पडलं असणार.

खोटा दिलासा मात्र देत नाही. वेळ गेला तो चार ते सात. गाठ ताजी असते तोवर इंजेक्शनला जोर असतो. पहिल्या दोन-तीन तासांनंतर तो उतरत जातो. तुम्हाला मी दोष देत नाही. अॅसिडिटी समजून वाट पाहणारी घरं मी नेहमी बघते, त्यात डॉक्टरांचीही असतात. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: छातीत दाटून आलं, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, घाम सुटला, तर सोडा नको, ईसीजी. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळतं. आपल्या गावाजवळ रात्री ईसीजी कुठे निघतो आणि हे इंजेक्शन कुठे ठेवलेलं असतं, याची चौकशी आजच करून ठेवा. १०८ला फोन करा; मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

पंपिंगचं म्हणाल तर ४० हा शेवटचा आकडा धरू नका. अॅटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, बधिर पडलेला असतो, आणि तो हळूहळू सावरतो. दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्यांना एक दिवसही सुट्टी नाही. दात काढायचाय किंवा आता बरं वाटतंय म्हणून कुणी त्या परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गाठ धरू शकते, आणि तो अॅटॅक जिवावर बेततो. यजमान विडी ओढत असतील तर ती कायमची बंद.

प्रश्न : वडील यंत्रमागावर कामाला, वय ५८. रात्री दहाला चांगले झोपले. सकाळी सहाला उजवा हात-पाय उचलेना, बोलणं अडखळलं. तासाभरात दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला, पण इंजेक्शन दिलं नाही, अँजिओप्लास्टीही नाही. शेजाऱ्यांच्या हार्टला स्टेंट टाकून चौथ्या दिवशी घरी आणलं. मग मेंदूला का नाही? — एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुम्ही तासाभरात पोचलात, तरी डॉक्टरांना वेळ रात्री दहापासून मोजावी लागली, कारण वडील धडधाकट दिसले ते शेवटचं तेव्हा. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्यानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. झोपेत झटका आलेल्या काही जणांना खास एमआरआय करून देता येतं, सगळ्यांना नाही.

शिवाय सगळेच झटके गाठीचे नसतात, काहींत मेंदूतली नळी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधी सीटी. म्हणूनच तोंड वाकडं झालेल्या माणसाला घरी अॅस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात उतरतं.

मेंदूतल्या अरुंद नळीत स्टेंट घालूनही पाहिलाय. अमेरिकेतल्या २०११च्या अभ्यासात महिन्याभरात पुन्हा झटका किंवा मृत्यू हे प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के निघालं, नुसत्या औषधांच्या गटात ५.८. त्यामुळे तो मार्ग मागे पडला. खरी झेप वेगळीकडे पडली: मांडीतून तार घालून गाठच ओढून काढायची. २०१५ साली पाच अभ्यास लागोपाठ आले. ते एकत्र केल्यावर दिसलं की गाठ काढलेल्या शंभरांपैकी ४६ जण तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करत होते. न काढलेल्यांत २६-२७. पण गाठ मोठ्या नळीत हवी आणि सहसा सहा तासांत, निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत. बारीक नळीपर्यंत ती तार पोचत नाही. सीटी अँजिओग्राफी झाली असेल तर वडिलांची कोणती नळी बंद होती ते रिपोर्टमध्ये असेल. तो घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना हाच प्रश्न विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आता सगळा भर फिजिओथेरपीवर द्या. पहिल्या तीन महिन्यांत हात-पाय सगळ्यात जास्त परत येतात. बोलण्याचा व्यायाम रोज घरच्यांनी घ्यायचा, आणि बीपीची गोळी चुकता कामा नये.

प्रश्न : काहीच त्रास नाही, पण तपासणीत एका नळीत ७० टक्के ब्लॉक निघाला. लगेच स्टेंट टाका नाहीतर अॅटॅक येईल, असं सांगितलंय. काय करू? — एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : गुरुजी, अॅटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. स्थिर ब्लॉकची गोष्ट निराळी. पाच हजारांहून जास्त पेशंटांचा मोठा अभ्यास २०२० साली छापून आला. त्यात चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास करूनही मृत्यू किंवा अॅटॅक ठळकपणे कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, आणि तुम्हाला तर दुखतच नाही. मुख्य डाव्या नळीत ब्लॉक असेल किंवा पंपिंग फार कमी असेल तर हे लागू नाही, तेव्हा अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आज रात्रीपासूनच, तुमच्या डॉक्टरांना विचारून.