देणार कोण, मिळणार कोण : दोन पॉइंट गार्डांचा हिशेब

या महिन्यात बास्केटबॉलविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत असल्याने ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात सोसायट्यांच्या सहा संघांची साखळी स्पर्धा चालते. आमच्या संघात दोन पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ मांडणारे खेळाडू) आहेत. पहिला १९ वर्षांचा, डावखुरा आणि विलक्षण चपळ असून प्रत्येक सामन्यात १५ ते २० गुण करतो. दुसरा २२ वर्षांचा, धावण्यात बेताचा, पण त्याचे पास अचूक असतात. उंच खेळाडू नसल्यामुळे आमचे रिबाउंड (नेम चुकून परत आलेले चेंडू) हातचे जातात. शेजारच्या संघाने ६ फूट ४ इंच उंचीचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) देऊ केला आहे आणि त्याच्या बदल्यात आमचा दुसरा गार्ड मागितला आहे. पहिल्या फेरीनंतर दोन्ही संघांच्या संमतीने एक अदलाबदल करण्याची मुभा नियमांत आहे. आम्ही ती करावी का?
— एक संघ व्यवस्थापक, नेरुळ

उत्तर : तुम्ही दोन्ही गार्डांचे वर्णन मन लावून केले आहे, पण ज्याच्यासाठी हा सगळा विचार चालला आहे, त्या सेंटरविषयी उंचीखेरीज पत्रात एकही शब्द नाही. माझ्या मते निर्णय त्याच्यावरच अवलंबून आहे.

तुमच्यासारखाच पेच फेब्रुवारी २०२२ मध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघापुढे होता. त्यांच्याकडेही दोन गार्ड होते. डीॲरन फॉक्स २४ वर्षांचा, डावखुरा आणि वेगाच्या बाबतीत लीगमधील अगदी मोजक्यांपैकी एक. टायरीस हॅलिबर्टन अजून २२ वर्षांचाही झाला नव्हता. उंचीने फॉक्सपेक्षा थोडा अधिक, वेगाने कमी, पण चेंडू कोणाकडे आणि नेमका केव्हा जायला हवा याची जाण असलेला. दोघेही चांगले होते, तरीही संघ हरत होता, कारण बचाव दुबळा होता आणि रिंगजवळ भरवशाचा माणूस नव्हता. ८ फेब्रुवारीला किंग्जनी हॅलिबर्टनसह तीन खेळाडू इंडियाना पेसर्सना दिले आणि त्यांच्याकडून सेंटर डोमांटस सबोनिस याच्यासह तीन खेळाडू आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील दुसऱ्या फेरीचा एक हक्क घेतला. पुढच्या हंगामात किंग्जनी ८२ पैकी ४८ सामने जिंकले आणि सलग १६ हंगाम प्लेऑफबाहेर (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांबाहेर) राहण्याची नामुष्की संपवली.

हे वाचून तुम्ही लगेच होकार कळवाल, म्हणून पुढचा भाग आधी वाचावा. त्या हंगामात सबोनिसचे सरासरी रिबाउंड १२.३ होते आणि लीगमध्ये तेच सर्वाधिक होते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा आकडा त्याच्या असिस्टचा, म्हणजे ज्यांवर सोबत्याने लगेच बास्केट केले अशा पासांचा आहे, तो ७.३ होता. सेंटरच्या जागेवर खेळणाऱ्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. तो फ्री थ्रोच्या रेघेच्या टोकाशी चेंडू घेऊन उभा राही, एखादा गार्ड त्याच्या खांद्याला घासून धावत येई, आणि सबोनिस चेंडू त्याच्या हातात ठेवी किंवा रक्षकाच्या पाठीमागून रिंगकडे सुटलेल्या दुसऱ्याच सोबत्याला पास देई. म्हणजे किंग्जनी पास देणारा गार्ड सोडला, पण त्याच्या जागी पास देणारा सेंटर आणला. चेंडू वाटण्याचे काम संघातून गेले नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेले.

आता शेजारच्या संघातील मुलाकडे या दृष्टीने पाहावे. तो जर रिंगखाली हात उंचावून उभा राहणारा सेंटर असेल, तर त्याच्या हातात चेंडू पोहोचवणारा कोणीतरी लागेल, आणि तुमच्या संघात ते काम करणारा एकमेव मुलगा तुम्ही त्याच्याच बदल्यात देऊन बसलेले असाल. रिंगसमोरच्या चौकटीत आक्रमण करणाऱ्या खेळाडूला सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. उंच मुलगा आपल्या रक्षकाला पाठीने रेटून जागा मिळवतो, हात वर करतो, आणि तेथून पुढे त्याच्याकडे जेमतेम एक-दीड सेकंद उरतो. पास त्या अवधीत आला पाहिजे, रक्षकाच्या विरुद्ध बाजूच्या हाताकडे आला पाहिजे, आणि तोही अशा उंचीवर की चेंडू खाली न आणता वळून टाकता येईल. गार्ड त्या वेळी स्वतःचा रक्षक चुकवण्यात गुंतलेला असेल, तर सेंटरला चौकटीबाहेर येऊन पुन्हा पहिल्यापासून जागा करावी लागते. असे चार वेळा झाले की उंच मुले चेंडू मागणेच सोडून देतात. मैदानाच्या कडेला बसून मी हे पुष्कळदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी हळहळलो आहे.

रिबाउंड मात्र त्याच्या उंचीमुळे निश्चित वाढतील, हे मान्य करायला हवे. तुमच्या पातळीवरच्या स्पर्धेत नेम चुकण्याचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे तेथे रिबाउंडला एनबीएपेक्षाही अधिक मोल आहे. म्हणून मी सरळ नकार देण्याचा सल्ला देणार नाही. त्या संघाचे येते दोन सामने वही घेऊन पाहावेत. सेंटरच्या हातात चेंडू आला की तीन गोष्टी टिपाव्यात : चेंडू कोणी दिला, तो कोठे उभा असताना मिळाला, आणि त्याने पुढे काय केले. दोघांनी घेरल्यावर तो मोकळ्या सोबत्याकडे पास देत असेल, तर अदलाबदल करावी. प्रत्येक चेंडू तो रिंगकडेच टाकत असेल, तर करू नये. किंवा दुसऱ्याऐवजी पहिला गार्ड देऊ करून पाहावा. १५-२० गुण करणारा मुलगा देण्याची कल्पना तुम्हाला धाडसी वाटेल, पण हातात आलेल्या सेंटरला चेंडू पोहोचवणारा गार्ड तुमच्याकडे राहिला, तर ते गुण दुसऱ्या वाटेने भरून येण्याची शक्यता मला अधिक दिसते.

आणखी एक गोष्ट. निर्णय कळवण्याआधी, जो मुलगा देणार त्याच्याशी स्वतः बोलावे. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटोमध्येच राहायचे होते आणि या अदलाबदलीचे त्याला दुःख झाले, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले. पण करारामुळे त्याला जावे लागले. तुमच्या मुलावर कसलाही करार नाही. मन दुखावले तर तो रविवारी सकाळी मैदानावर येणार नाही, एवढेच होईल, आणि मग दोन्ही संघांच्या हाती काहीच राहणार नाही.

प्रश्न : आमच्या घरी वाद आहे. बाबांच्या मते जो जास्त गुण करतो तोच मोठा गार्ड, म्हणून फॉक्स हॅलिबर्टनपेक्षा सरस. मला हे पटत नाही, पण मुद्देसूद मांडताही येत नाही.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : दोघेही पूर्ण हंगाम आपापल्या संघाचे सूत्रधार होते असे २०२२-२३ चे वर्ष घेऊ. फॉक्सची सरासरी प्रतिसामना २५ गुण आणि ६.१ असिस्ट होती, हॅलिबर्टनची २०.७ गुण आणि १०.४ असिस्ट. प्रत्येक असिस्टमागे सोबत्याचे किमान दोन गुण असतात. तेवढेच धरले, तरी फॉक्सच्या हातून संघाला सुमारे ३७ गुण मिळत होते आणि हॅलिबर्टनच्या हातून सुमारे ४१. तीन गुणांच्या बास्केटांवरील असिस्ट वेगळे मोजले, तर दोन्ही आकडे आणखी वाढतील. हा हिशेब बाबांना कागदावर करून दाखवता येईल.

तो पुरेसा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पास कितीही सुंदर असला, तरी सोबत्याने नेम चुकवला तर असिस्ट लिहिला जात नाही. शिवाय बाबांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. सामन्याची शेवटची पाच मिनिटे उरली असताना दोन संघांत पाच किंवा त्याहून कमी गुणांचे अंतर असेल, तर त्या काळातील खेळासाठी एनबीएने २०२२-२३ पासून वेगळा पुरस्कार सुरू केला, आणि त्याचा पहिला मानकरी फॉक्स होता. अशा वेळी बचाव आवळला जातो, पासच्या वाटा बुजतात आणि एकट्याने रक्षकाला मागे टाकणारा गार्ड लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांचे हंगामपूर्व दोन सामने झाले, त्यांतला शनिवारचा पाहायला मी ठाण्याहून गेलो होतो. फॉक्स चेंडू डाव्या हाताने सावकाश, जवळजवळ आळसावल्यासारखा आपटत मध्यरेषेपर्यंत येई, तेथे त्याचा उजवा खांदा किंचित झुके, आणि पुढच्या दोन ढांगांत रक्षक त्याच्या मागे पडलेला असे. दूरचित्रवाणीवर तो वेग कळत नाही. सामना मात्र पेसर्सनी १३०–१०६ असा जिंकला.

माझे मत विचाराल तर संपूर्ण सामन्यासाठी मी हॅलिबर्टनला निवडेन. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात त्याने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड अशी कामगिरी केली आणि चेंडू एकदाही गमावला नाही. गार्डच्या हातात चेंडू सर्वांत जास्त वेळ असतो, त्यामुळे या शेवटच्या शून्याची किंमत मला ३२ गुणांहून अधिक वाटते. बाबांना विचारावे, की संघातल्या बाकीच्या चौघांना यांपैकी कोणाबरोबर खेळायला आवडेल.

प्रश्न : अदलाबदल फायद्याची झाली की तोट्याची, हे किती काळाने ठरवावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण २००१ चे आहे. त्या वर्षी फिनिक्स सन्स संघाने जेसन किड न्यू जर्सी नेट्सला दिला आणि त्यांच्याकडून स्टेफन मारबरी घेतला. गार्डच्या मोबदल्यात गार्ड असा तो व्यवहार होता. मारबरी किडपेक्षा सुमारे चार वर्षांनी लहान होता आणि मागील हंगामात त्याची सरासरी २३.९ गुणांची होती, तर किडची १६.९. कागदावर सन्सचे पारडे जड होते. पुढच्या हंगामात नेट्सचे विजय २६ वरून ५२ वर गेले आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला, तर सन्सचे ५१ वरून ३६ वर आले. त्याच्या पुढच्या वर्षीही नेट्स अंतिम फेरीत होते. निकाल लागला असे सर्वांनाच वाटले.

तरीही तो पुरता लागलेला नव्हता. जानेवारी २००४ मध्ये सन्सनी मारबरीला न्यूयॉर्कला पाठवले, त्यामुळे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेत जागा मोकळी झाली, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्टीव्ह नॅशला करारबद्ध केले. २९ विजयांवर आलेला संघ पुढच्या हंगामात ६२ सामने जिंकला आणि २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे नॅश लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणून मी निवाडा दोनदा करतो. पहिला, एक पूर्ण हंगाम संपल्यावर. दुसरा, मिळालेल्या आणि दिलेल्या खेळाडूंमुळे पुढे जे जे घडले ते समोर आल्यावर. वर आलेल्या किंग्ज आणि पेसर्स यांच्या व्यवहाराला हीच फूटपट्टी लावली, तर एप्रिल २०२३ मध्ये ४८ विजय विरुद्ध ३५ विजय असा कौल किंग्जच्या बाजूने होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सही सॅक्रामेंटो सोडून सॅन अँटोनिओला गेला, आणि ज्या दोन गार्डांमधून एकाला ठेवायचे म्हणून दुसऱ्याला दिले होते, त्यांपैकी एकही किंग्जकडे उरला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पेसर्स अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोहोचले. त्या सामन्यात हॅलिबर्टनच्या घोट्यामागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला आणि ते हरले, पण दुसरा कौल माझ्या मते तरीही पेसर्सच्याच बाजूने जातो.