सोंग कांग-हो कोण आहे? त्याला जेवताना बघा

तुम्ही विचारलंय: "‘पॅरासाइट’मध्ये बापाचं काम करणारा सोंग कांग-हो कोण? दिसायला अगदी साधा, हिरो वाटतच नाही. मग कोरियात त्याला एवढा मान का? आणि त्याचे सिनेमे कुठून बघायला सुरुवात करू?"

मी सिनेमाचा अभ्यासक नाही, पण बारा-तेरा वर्षं हौशी नाटकं केली आहेत आणि या माणसाचं जेवढं काम मिळालं तेवढं शोधून पाहिलंय. त्यामुळे मान का, या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात असं: त्याला जेवताना बघा.

हे असं का म्हणतो ते सांगतो. एका एकांकिकेत मला पिठलं-भाकरी खात दोन पानांचा संवाद म्हणायचा होता. ज्यांनी स्टेजवर खरोखर खाल्लंय त्यांना ठाऊक असेल, घास आधी गिळायचा की वाक्य आधी टाकायचं इथपासून गोंधळ सुरू होतो. तोंड कोरडं पडतं, भाकरी फिरत राहते, आणि प्रेक्षकाला लगेच कळतं की हा नुसता चावतोय, याला भूक लागलेली नाही. रडणं त्यामानाने सोपं. भूक दाखवणं अवघड. सोंगला भूक दाखवता येते. भूक लागलेला माणूस, फुकटचं खाणारा, घास घशात अडकलेला, दुसऱ्याला भरवणारा, सगळे त्याच्याकडे वेगवेगळे आहेत.

आधी आयुष्य थोडक्यात. जन्म १७ जानेवारी १९६७, दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे गावी. अभिनयाचं रीतसर शिक्षण नाही. घडला तो नाटकात. १९९१ पासून सोलच्या योनवू या नाट्यसंस्थेत त्याने काम केलं. पडद्यावर पहिल्यांदा दिसला १९९६ मध्ये, दिग्दर्शक होंग सांग-सूच्या पहिल्याच सिनेमात, अगदी किरकोळ कामात. म्हणजे तिशीला टेकेपर्यंत तो निव्वळ नाटकवाला होता. (कोरियात आडनाव आधी लावतात, तेव्हा ‘सोंग’ हे त्याचं आडनाव. आपल्याकडे सोंग आणणारा तो नट, आणि या माणसाचं नावच सोंग, ही गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडते.)

१९९७ मध्ये ‘नंबर थ्री’ नावाचा गुंडांचा सिनेमा आला. त्यात तो पोरांची टोळी तयार करणारा उस्ताद आहे, चिडला की तोतरा बोलणारा. पोरांना जिद्दीवर भाषण देतो: ती ह्युन जुंग-ह्वा बघा, नुसते रामेन नूडल्स खाऊन तीन सुवर्णपदकं मिळवली तिने! आता ह्युन जुंग-ह्वा ही टेबल टेनिसची खेळाडू. रामेनची गोष्ट सांगितली जायची ती धावपटू इम चुन-ए हिची, १९८६ च्या सोल एशियाडमध्ये तीन सुवर्णं जिंकलेली. एक बिचारा पोरगा ती चूक दुरुस्त करतो आणि बेदम मार खातो. मी म्हणेन ती ह्युन जुंग-ह्वा, म्हणजे ह्युन जुंग-ह्वाच! हा एक प्रवेश कोरियात तोंडपाठ आहे. लोक पोट धरून हसले, पण त्या हसण्याखाली हुकूमशाही पाहिलेल्या देशाची आठवण आहे असं मला वाटतं. सहायक अभिनेत्याचं पहिलं मोठं पारितोषिक त्याला याच भूमिकेने मिळवून दिलं.

मग किम जी-वूनच्या ‘द फाउल किंग’मध्ये, २००० साली, तो पहिल्यांदा नायक झाला: दिवसा बँकेत साहेबाच्या शिव्या खाणारा, रात्री मुखवटा घालून कुस्ती खेळणारा कारकून. आणि त्याच वर्षी पार्क चान-वूकचा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांची पहिली शिखर परिषद जूनमध्ये झाली आणि सप्टेंबरमध्ये हा सिनेमा आला. सीमेवरच्या चौकीत दोन्हीकडचे जवान चोरून दोस्ती करतात. सोंग उत्तरेचा सार्जंट आहे. दक्षिणेचा जवान त्याला चोको पाय (चॉकलेटचा मऊ केक) देतो. हा अख्खा तोंडात कोंबतो, गाल फुगलेले. तो जवान हळूच म्हणतो, दादा, आमच्याकडे चल ना, पोट फुटेपर्यंत खायला मिळेल. चावणं थांबतं. चेहऱ्यावरचं लहान मूल निघून जातं. तो चोको पाय तोंडातून हातावर काढतो आणि शांतपणे सांगतो की आमचा देश एक दिवस या द्वीपकल्पातली सगळ्यात चांगली मिठाई बनवेल, हे माझं स्वप्न आहे. तोवर या चोको पायवरच भागवायचं. आणि हातावरचा चोको पाय पुन्हा तोंडात! सगळे हसतात. फाळणीवर मी बरंच वाचलंय, पण स्वाभिमान आणि भूक एकाच तोंडात अशी मी दुसरीकडे पाहिली नाही.

‘पॅरासाइट’चा दिग्दर्शक बोंग जून-होशी त्याची गाठ कशी पडली तेही ऐका. सोंगला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा तो एका सिनेमासाठी भेटून आला आणि काम मिळालं नाही. नकार कळवायचीही कोणी तसदी घेत नसत. पण त्या सिनेमाच्या सहायक दिग्दर्शकाने त्याच्या पेजरवर भलामोठा निरोप ठेवला: यावेळी का जमलं नाही ते समजावून सांगितलं, आणि पुढे कधीतरी नक्की एकत्र काम करू असं म्हटलं. तो सहायक म्हणजे बोंग. पुढे चित्र उलटं झालं. सोंग स्टार, आणि बोंगचा पहिला सिनेमा पडलेला. तरी दुसऱ्या सिनेमासाठी बोंगने विचारलं आणि सोंगने होकार दिला. तो निरोप तो विसरला नव्हता.

तो सिनेमा ‘मेमरीज ऑफ मर्डर’, २००३ चा. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासोंग भागात दहा बायका-मुलींचे खून झाले, त्यावर आधारलेला. सोंग गावातला फौजदार आहे, "माणसाच्या डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो" अशी बढाई मारणारा. शेवटी भर पावसात, रेल्वेच्या बोगद्यापाशी, संशयिताविरुद्धचा पुरावा कोसळतो. सोंग त्या पोराचा चेहरा हातांत धरतो, डोळ्यांत बघतो, बघत राहतो. काहीच कळत नाही. आणि विचारतो, "जेवतोस ना वेळेवर?"

ही ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हती, सोंगने ती ऐनवेळी घातली. कोरियात "जेवलास का?" हा नमस्काराइतका रोजचा प्रश्न आहे. आपल्याकडे दारात आलेल्याला "जेवलात का?" विचारतात, तसाच. म्हणून ही ओळ आपल्याला सबटायटलच्या पलीकडे कळते. ज्याला आत्ता गळा दाबून मारावंसं वाटत होतं त्यालाच घरच्यासारखं विचारलं जातं. तो राग आहे, हार आहे, की दया? मी सात-आठ वेळा तरी पाहिलंय आणि दर वेळी उत्तर बदलतं.

तुम्ही ‘साधा चेहरा’ म्हणालात, तर याच सिनेमाचा शेवट पाहा. वर्षं उलटून गेलीत, फौजदार आता ज्यूसर विकतो. जुन्या जागेपाशी एक शाळकरी मुलगी त्याला सांगते की मध्यंतरी आणखी एक माणूस इथे येऊन बघत होता. दिसायला कसा होता? साधाच, ती म्हणते, चारचौघांसारखा. सोंग वळून थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी थिएटरात बसला असेल तर त्याची नि फौजदाराची नजरानजर व्हावी, म्हणून बोंगने तो शॉट तसा ठेवला होता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये डीएनएवरून खुनी सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता.

‘द होस्ट’ (२००६) मध्ये तो हान नदीकाठच्या टपरीवरचा आळशी बाप आहे. गिऱ्हाइकासाठी भाजलेल्या स्क्विडची एक तंगडी स्वतःच खाऊन टाकणारा. सिनेमा राक्षसाचा आहे, पण शेवट बर्फ पडत असताना, बुटक्या टेबलावर वाढलेल्या जेवणाचा आहे. समोर एक अनाथ पोरगं, त्याला उठवून हा जेवायला बसवतो आणि बातम्या बडबडत असलेला टीव्ही पायाने बंद करतो. ज्याने दुसऱ्याच्या ताटातलं उचललं होतं तो आता वाढतोय. कोरियात सिनेमाचं यश तिकिटांत मोजतात. जेमतेम पाच कोटींच्या देशात याची १.३ कोटी तिकिटं खपली.

ली चांग-डोंगचा ‘सीक्रेट सनशाइन’, पार्क चान-वूकचा ‘थर्स्ट’, हे दोन्ही उत्तम, पण ते नंतर बघा. मला ‘द ॲटर्नी’वर (२०१३) थांबायचंय. बुसानमधल्या १९८१ च्या एका खटल्यावर तो बेतलेला आहे. लष्करशहा चुन दू-ह्वानच्या राजवटीत वाचनगट चालवणाऱ्या तरुणांना पकडून छळण्यात आलं, आणि त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्यांत रो मू-ह्युन होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. रो गिम्हेचे, सोंगही गिम्हेचा. सिनेमातला वकील गरिबीत बांधकामावर राबायचा, तेव्हा एका खानावळीतून पैसे न देता पळालेला असतो. बरे दिवस आल्यावर बाईंकडे पैसे घेऊन जातो. त्या पैसे घेत नाहीत. जुनं देणं पैशाने नाही, तोंड दाखवून आणि पायाने फेडायचं असतं, म्हणजे येत जा, असं सांगतात. मग हा रोज तिथे डुकराच्या मटणाचा रस्सा-भात खातो, सोबत्यांना कंटाळा येईपर्यंत. आणि एक दिवस त्याच बाईंच्या मुलाला पोलीस उचलतात. पुढचं कोर्टातलं भाषण गाजलं, पण मला विचाराल तर त्या भाषणाचं बळ आधीच्या रस्सा-भातात आहे. एखाद्याचं अन्न इतक्या वेळा खाल्लंय की आता पाठ फिरवता येत नाही.

याची किंमत त्याला मोजावी लागली. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या सरकारने नावडत्या कलावंतांची काळी यादी केली होती, तिच्यात नऊ हजारांवर नावं होती. सोंगचं होतं, बोंगचंही. २०१७ मध्ये टीव्हीवर तो यावर बोलला. सगळ्यात भीती कशाची वाटली? स्क्रिप्ट वाचताना आपल्याच मनात ‘हे सरकारला आवडेल का’ असा विचार येतो, त्याची. एवढा मोठा नट हे उघडपणे कबूल करतो, याचं मला फार मोल वाटतं.

‘पॅरासाइट’ तुम्ही पाहिलाय. तैवानी केकचं दुकान बुडालेला तो बाप पुन्हा आठवा. आपल्यात म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. अख्खं कुटुंब नेमकं तेच करायला जातं, आणि वास त्यांना उघडं पाडतो. टेबलाखाली निपचित पडून तो मालकाच्या तोंडून स्वतःचा वास ऐकतो: जुन्या मुळ्यासारखा, उकळलेल्या फडक्यासारखा, मेट्रोतल्या लोकांसारखा. त्याला हलायचीही मुभा नाही. अंगणातल्या पार्टीत जे घडतं ते खरं त्या टेबलाखालीच ठरलेलं असतं. २०१९ चं कान महोत्सवातलं पारितोषिक, मग २०२० मधली चार ऑस्करं, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने या शतकातल्या पंचवीस श्रेष्ठ अभिनेत्यांची यादी काढली, तिच्यात तो आहे. २०२२ मध्ये जपानी दिग्दर्शक कोरे-एदाच्या ‘ब्रोकर’साठी कानमध्ये त्याला सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, ते मिळवणारा तो पहिला कोरियन. त्याच रात्री पार्क चान-वूकला दिग्दर्शनाचं मिळालं. सोंगचं नाव पुकारल्यावर पार्क धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला, तो व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा.

आता सुरुवात कुठून? ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ (२०१७). मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने लोकांवर गोळ्या चालवल्या. टोकियोहून आलेला जर्मन पत्रकार युर्गेन हिन्त्सपेटर तिथे पोहोचला तो सोलच्या एका टॅक्सीतून, आणि त्याने केलेलं चित्रण जगाने पाहिलं. त्या ड्रायव्हरला तो नंतर बरीच वर्षं शोधत राहिला. २०१६ च्या जानेवारीत हिन्त्सपेटर वारला. सिनेमा आल्यावर ड्रायव्हरचा मुलगा पुढे आला, तेव्हा कळलं की वडील १९८४ मध्येच गेले होते.

सोंगचा ड्रायव्हर हा विधुर आहे. घरी एकटी लेक, घरभाडं थकलेलं. ग्वांगजूत काय चाललंय ते त्याला माहीत नाही, एक लाख वॉनच्या भाड्यासाठी तो दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवून निघतो. तिथलं बघून घाबरतो आणि पत्रकाराला मागे ठेवून लेकीकडे परत निघतो. वाटेत सुनचोनमध्ये थांबतो, लेकीसाठी नवे बूट घेतो. एका खानावळीत नूडल्स मागवतो आणि अधाशासारखा खायला लागतो. शेजारच्या टेबलावर लोक ग्वांगजूबद्दल बोलतायत, पेपरात आलंय तेच, सगळं खोटं. त्याची मान ताटावरच आहे. मालकीणबाई त्याची भूक बघून भाताचा एक गोळा वाढते. आदल्या दिवशी ग्वांगजूत निदर्शनातल्या एका मुलीने तसाच गोळा त्याच्या हातावर ठेवला होता. तो घास घेतो. चावतो. गिळता येत नाही.

त्यानंतर गाडीत तो एकटाच एक उडतं गाणं म्हणायला लागतो, सोलच्या पुलावरचं, आणि गाता गाता आवाज फुटतो. सोलचा रस्ता मोकळा आहे, नवे बूट गाडीत आहेत. तो गाडी वळवतो. लेकीला फोनवर एवढंच सांगतो की बाबा एका पॅसेंजरला मागे सोडून आलेत.