अमेरिकेत छोट्या एअरपोर्टच्या कंट्रोल टॉवरसाठी काउंटीला ग्रँट का मागावी लागते?

तुम्ही विचारलंय की टॉवर तर एफएएचे (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं विमानवाहतूक खातं) असतात, मग आमच्या काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) टॉवरच्या दुरुस्तीसाठी सरकारकडे ग्रँट का मागितली. गोम इथेच आहे, सगळे टॉवर एफएएचे नसतात. मी इथे हौशी पायलट आहे, असल्याच एका छोट्या एअरपोर्टवरून उडतो, म्हणून हा विषय मला जवळचा.

ऑगस्ट 1981 मध्ये टॉवरमधून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरांनी संप केला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगननी 11 हजारांच्या वर लोकांना कामावरून काढलं आणि पुढच्याच वर्षी छोटे टॉवर कंत्राटावर चालवायला द्यायला सुरुवात झाली. आज असे अडीचशेच्या वर टॉवर आहेत. तिथल्या कंट्रोलरांचा खर्च एफएए कंत्राटदारामार्फत करते, पण इमारत बहुतेक ठिकाणी शहराची नाहीतर काउंटीची. मग छत गळलं, एसी बंद पडला, वरच्या केबिनच्या काचा खराब झाल्या, रेडिओ इतके जुने झाले की पार्ट मिळेनात, तर ते सगळं स्थानिक लोकांच्या माथी येतं, आणि छोट्या काउंटीकडे रस्ते शाळा सोडून टॉवरला द्यायला पैसे असतात कुठे.

म्हणून नोव्हेंबर 2021 च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात यासाठी वेगळे पैसे ठेवले. विमानतळ आणि हवाई वाहतुकीला एकूण 2500 कोटी डॉलर, त्यातले कंत्राटी टॉवरसाठी वर्षाला 2 कोटी, 2022 ते 2026 अशी पाच वर्षं. चांगली गोष्ट म्हणजे यात स्थानिक हिस्सा भरावा लागत नाही, पूर्ण खर्च केंद्राचा. पण आकडा नीट बघा, नवा टॉवर बांधायचा तर सहज एक कोटी डॉलरच्या वर जातो, म्हणजे देशभरासाठी वर्षाला ठेवलेल्या पैशात एखाद-दुसराच टॉवर उभा राहील. त्यामुळे या ग्रँटमधून मुख्यतः दुरुस्ती, उपकरणं नाहीतर नव्या टॉवरचं नुसतं डिझाइन एवढंच होतं. माझ्या मते ही रक्कम फारच तोकडी आहे आणि काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ती वाढवायला हवी, कारण याच एअरपोर्टवर शिकाऊ पायलट उडतात, आपल्याकडून ट्रेनिंगला आलेली मुलंही त्यात असतात, आणि एकाच रनवेवर सोलो करणारा, म्हणजे एकट्याने उडणारा विद्यार्थी आणि वेगात येणारं बिझनेस जेट अशी वेळ येते तेव्हा वरून बघणारा माणूस आणि चालणारा रेडिओ दोन्ही लागतातच.

मोठं काम असेल तर त्याच कायद्यातल्या टर्मिनल ग्रँटमध्येही एअरपोर्टच्या मालकीचा टॉवर बसतो, ती वर्षाला 100 कोटी डॉलरची आहे, पण तिथे टर्मिनलवाल्यांशी स्पर्धा आणि छोट्या एअरपोर्टलाही 5 टक्के स्वतःचे घालावे लागतात. एफएएच्या स्वतःच्या टॉवरचा प्रश्न वेगळा, त्यांना ग्रँट नाही तर थेट 500 कोटी डॉलरची तरतूद.

आणि ग्रँट आली म्हणजे लगेच क्रेन आली असं नसतं. नवा टॉवर असेल तर आधी जागेचा आणि उंचीचा अभ्यास, कंट्रोलरला रनवेची दोन्ही टोकं आणि टॅक्सीवे (विमानं रनवेपर्यंत जायचे रस्ते) दिसायला हवेत, मग एफएएची मंजुरी, मग टेंडर, त्यात अमेरिकन माल वापरायची अट, यात वर्षं जातात. शिवाय हे पैसे इमारतीचे आणि उपकरणांचे, माणसांचे नाहीत. 2013 मध्ये बजेट कपात झाली तेव्हा एफएएने 149 कंत्राटी टॉवर बंद करायची यादी काढली होती, काँग्रेसने कायदा करून पैसे फिरवायची मुभा दिली म्हणून ते वाचले.

तुम्ही काउंटीच्या मीटिंगला जाणार असाल तर आधी हे विचारा की ग्रँट डिझाइनची आहे की बांधकामाची, आणि डिझाइनची असेल तर बांधकामाचे पैसे कुठून येणार. पेपरातल्या बातमीत हे बहुतेकदा नसतं.